ठोके मिळाले नाहीत, त्यानंतरचं वर्ष: जोडप्यांबरोबर काम करताना

जगभरात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पोटात किंवा जन्मताना दगावतात. त्यानंतर काही महिन्यांनी जी जोडपी आमच्याकडे समुपदेशनाला येतात, त्यांतली फारच थोडी ‘दुःख आवरत नाही’ म्हणून येतात. बहुतेकांचं म्हणणं असतं, ‘आमचं आता पटत नाही.’ थोडं खोलात गेलं की जवळजवळ नेहमी एकच गोष्ट सापडते. दोघांनीही मनातल्या मनात स्वतःला दोषी ठरवलेलं असतं आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलेलं असतं. मग समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘हिला माझंच चुकलं असं वाटतंय’, ‘ह्याला माझा राग आलाय’ असा लावला जातो. दुःख दोघांचं एकच असतं, पण हे चुकीचे अर्थ त्यात रोज थोडी थोडी भर घालत राहतात आणि संसार तिथे विसविशीत होतो. हे सोडवायला साधारण वर्ष लागतं. आम्ही ते कसं करतो, कुठे अडतं आणि का अडतं, ते क्रमाने सांगतो.

दवाखान्यातले दिवस

कामाची सुरुवात खरं तर तिथेच व्हायला हवी, पण तेव्हा आम्हाला क्वचितच कुणी बोलावतं. म्हणून त्या दिवसांत काय झालं हे आम्ही पहिल्याच भेटीत बारकाईने विचारून घेतो.

बाळ गेल्याचं कळलं की बहुतेक नवऱ्यांची पहिली मागणी असते, ‘सीझर करून टाका, तिला कळा कशाला?’ डॉक्टर शक्यतो नको म्हणतात. सीझरमध्ये गर्भाशयावर व्रण राहतो, तो पुढच्या गरोदरपणात धोका वाढवतो. शिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे नेहमीचे धोके आहेतच. म्हणून औषधं देऊन कळा सुरू करतात. कधी काही तासांत मोकळी होते, कधी दोन दिवस जातात. ही कारणं नवऱ्याला कुणी नीट बसून सांगितलेली नसतील, तर ‘मी तिला ते सगळं सोसायला लावलं’ हे त्याच्या मनात कायमचं बसतं. तो ते कधीच बोलत नाही. आम्ही विचारल्यावर मात्र पहिल्यांदा बाहेर येतं ते हेच.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. प्रसूतीच्या खोलीत बहुधा नवऱ्याला घेत नाहीत. बाळंतपण तिने एकटीने पाहिलेलं असतं. पुढे बाळाला पुरायला नवरा, त्याचे वडील किंवा मोठा भाऊ जातात. तिला नेत नाहीत. बहुतेक हिंदू घरांत एवढ्या लहान बाळाला दहन देत नाहीत, पुरतात. म्हणजे घडलेल्या गोष्टीचा एक अर्धा भाग फक्त तिच्याकडे राहतो आणि दुसरा अर्धा फक्त त्याच्याकडे. बाळाचे केस कसे होते हे त्याला माहीत नसतं, बाळ कुठे आहे हे तिला माहीत नसतं. पुढे महिनोन्‌महिने चालणारे अबोले या रिकाम्या जागेत वाढतात.

वेळेवर कुणी विचारलं तर आम्ही चार गोष्टी सुचवतो. एक, बाळाला पाहायचं का, हे दोघांना वेगवेगळं आणि एकाहून जास्त वेळा विचारावं. आग्रह नको आणि ‘बघू नकोस, डोळ्यांसमोर येत राहील’ असं म्हणून दार लावून घेणंही नको. बाळ पोटात दगावून एखादा दिवस झाला असेल तर कातडी सोललेली, ओठ काळसर दिसतात. हे आधी सांगावं आणि दुपट्यात गुंडाळून, टोपडं घालून दाखवावं. दोन, पाहायचं नसेल तरी फोटो काढून ठेवावेत आणि ते नणंद, बहीण, मावशी अशा एका विश्वासाच्या माणसाकडे द्यावेत. तीन, शिक्क्याच्या शाईच्या पॅडवर तळपाय टेकवून जाड कागदावर टाचेकडून बोटांकडे हलकेच दाबावं. ठसे दोन घ्यावेत, कारण पहिला बऱ्याचदा फाकतो. चार, स्मशानभूमीतली पावती जपावी आणि जागेची खूण त्याच दिवशी लिहून ठेवावी: कुठली भिंत, कुठलं झाड, किती पावलं. महिन्याभराने पाऊस पडून गेला की जागा ओळखू येत नाही, आणि ती ‘मला तिथे घेऊन चला’ म्हणते तेव्हा त्याला दाखवता येत नाही. त्या वेळी पावती हातात असणं किती मोलाचं असतं, ते आम्ही पाहिलं आहे.

तपासण्यांचंही इथेच ठरतं. वार (प्लासेंटा) पॅथॉलॉजीला पाठवावी, बाळाची बाहेरून नीट तपासणी आणि मोजमापं व्हावीत आणि दोघांची तयारी असेल तर शवविच्छेदनही. तिचं रक्त साखर, थायरॉइड, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गाठी करणारी प्रतिपिंडं यांसाठी तपासतात. यांतली प्रतिपिंडांची तपासणी सकारात्मक आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एक घोटाळा वारंवार होतो. जनुकीय तपासणीचा नमुना फॉर्मलिनमध्ये जातो आणि बाद होतो. पॅथॉलॉजीसाठी वार फॉर्मलिनमध्ये चालते, जनुकीय तपासणीचा तुकडा मात्र आधीच वेगळा काढून सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावणात ठेवावा लागतो. दुःखाशी याचा काय संबंध, असं वाटेल. खूप आहे. उत्तर मिळण्याची संधी हुकली की ती जागा दोष भरून काढतो.

माहेरचे दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बाळ गेल्यावरही बाळंतिणीला सव्वा महिन्यासाठी माहेरीच ठेवतात. हेतू चांगला असतो. तिला विश्रांती मिळावी, आईजवळ रडता यावं. पण नवरा-बायकोची सर्वांत वाईट ताटातूट याच दिवसांत होते. नवऱ्याला खाजगी नोकरीत बहुधा रजाच नसते. आठवड्याभरात तो कामावर असतो. तो रविवारी येतो, दिवाणखान्यात सासऱ्यांसमोर बसतो, चहा घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. दोघांना दार लावून दहा मिनिटं बोलायला मिळालेली नसतात.

तिकडे तिला दूध येतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरते, दगडासारखी होते, कपडे भिजतात. बाळ नसताना हे होणार हे बऱ्याच बायकांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि नवऱ्यांपैकी तर जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या चोवीस तासांत डॉक्टर दूध थांबवणारी गोळी देऊ शकतात. रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही, म्हणून तो निर्णय त्यांचाच. गोळी दिली नसेल तर नीट आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या, वेदनाशामक, आणि ताण असह्य झाला तर आराम पडेल इतकंच दूध काढणं. पूर्ण रिकामं केलं की शरीर पुन्हा भरतं. फडकं करकचून बांधायची जुनी पद्धत टाळावी. त्याने दुखतं आणि गाठी होऊ शकतात. ताप येऊन एक बाजू लाल झाली तर त्याच दिवशी दाखवावं.

या काळासाठी आम्ही जोडप्याला एकच गोष्ट नेमून देतो. रोज रात्री ठरल्या वेळी, दोघांनीही एकांतात बसून, पंधरा मिनिटांचा फोन. त्यात ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ हे दोन मिनिटांत उरकायचं. मग दोघांनी आज बाळाची आठवण कधी आली ते एकेक सांगायचं. आठवण आलीच नाही, असंही सांगायला मुभा. नवरे सुरुवातीला म्हणतात, ‘मी बोललो तर ती रडेल.’ ती रडतच असते. फरक इतकाच की आता तो फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो. शक्य असेल तिथे तिने लवकर परत येणं, किंवा त्याने शनिवारी रात्री सासुरवाडीत मुक्काम करणं, हेही दोन्ही घरांशी बोलून ठरवतो.

रजेचा विषयही इथेच निकालात काढावा. मातृत्व लाभाच्या कायद्यात ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळही येतं. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गेलं तर तो गर्भपात धरून सहा आठवड्यांची पगारी रजा. त्यानंतर गेलं तर ते बाळंतपणच, आणि त्याची पूर्ण रजा मिळते. मनुष्यबळ विभागातल्या लोकांनाही हे पुष्कळदा ठाऊक नसतं. केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांसाठी २०२२ पासून ६० दिवसांच्या विशेष रजेचा स्वतंत्र आदेश आहे. अर्ज नवऱ्याने करावा. त्या दिवसांत त्याला हाताला काहीतरी काम हवं असतं आणि तिला साहेबाला फोन करून हे सांगणं नको असतं.

रिपोर्ट वाचण्याची भेट

साधारण सहा आठवड्यांनी रिपोर्ट हातात येतात. या भेटीला दोघांनी मिळून जावं, हा आमचा हट्ट असतो. एकटा नवरा गेला तर तो घरी येऊन ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढंच सांगतो. तिला वाचवायला तो असं करतो, पण तिच्या कानावर पडतं ते असं: बाळ नॉर्मल होतं, म्हणजे माझ्यातच काहीतरी होतं.

जाण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापले प्रश्न लिहायचे. त्यांत एक प्रश्न सक्तीचा: ‘माझ्यामुळे झालं असं मला ज्या गोष्टीवरून वाटतं, ती गोष्ट कोणती?’ कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. तिथे काय काय निघतं! पपई खाल्ली होती. ग्रहणात सुरीने भाजी चिरली. हात वर करून कपडे वाळत घातले म्हणून नाळेचा वेढा बसला. दुचाकीवरून खड्ड्यातून गेलो. त्या आठवड्यात भांडण झालं होतं. तपासणी पगार होईपर्यंत पुढे ढकलली होती.

यांतल्या बऱ्याच गोष्टींना डॉक्टर एका वाक्यात उत्तर देऊ शकतात. ते वाक्य आमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून येण्याला वजन असतं. नाळेचा वेढा जिवंत जन्मलेल्या बाळांतही चार-पाचांमागे एकाला असतो. तो आपोआप कारण ठरत नाही आणि कपडे वाळत घालण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. ग्रहणाचाही नाही. दुसरी एक माहिती फार मोलाची आहे. ‘दोन दिवस आधीच गेलं होतं म्हणतात, पण मला तर काल हालचाल जाणवली होती, मग मला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न आयांना आतून पोखरतो. बाळ गेल्यावरही आई कुशीवर वळली की ते पाण्यात इकडून तिकडे सरकतं आणि ती हालचालच वाटते. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना खुर्चीत ताठ बसलेली बाई पहिल्यांदा पाठ टेकते.

बऱ्याच प्रकरणांत सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. त्याची तयारी आम्ही आधीच करून घेतो, नाहीतर ‘कारण नाही’ हे ‘कारण लपवलं’ असं ऐकू येतं.

‘तो दिवस’

बाळ गेलं त्या दिवसाबद्दल दोघांनी एकमेकांना सांगायची बैठक, हा आमच्या कामाचा गाभा आहे. ती रिपोर्टच्या भेटीनंतरच घेतो, त्याआधी कधीच नाही. तथ्यं हातात नसताना बोलायला बसवलं तर दोघं अंदाजांवर भांडतात. त्याआधी एक एकत्र भेट आणि दोघांची प्रत्येकी एक वेगळी भेट झालेली असते. वेगळ्या भेटीत सांगितलेलं आम्ही परस्पर दुसऱ्याच्या कानावर घालत नाही, पण ते स्वतः सांगायला मदत करू, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

तयारी घरी होते. बाळ गेल्याचं कळलं तो दिवस आणि त्याआधीचे दोन दिवस, दोघांनी वेगवेगळे, हाताने लिहून काढायचे. वेळ, जागा, कोण काय म्हणालं, आपल्या मनात काय आलं. एक-दोन पानं पुरतात. एकमेकांना दाखवायचं नाही.

बैठकीला दीड तास ठेवतो. खुर्च्या समोरासमोर मांडत नाही. जरा तिरक्या, म्हणजे पाहायचं असेल तर पाहता यावं आणि नको असेल तर खिडकीकडे नजर वळवता यावी. फोन बाहेर. एकजण वाचतो किंवा सांगतो, साधारण दहा-बारा मिनिटं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, ‘बरोबर ऐकलं का? काही राहिलं का?’ पहिला ‘हो, एवढंच’ म्हणेपर्यंत पाळी बदलत नाही.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, तपशील दुरुस्त करणं. ‘नऊ नव्हते वाजले, साडेनऊ झाले होते.’ वरवर साधं वाटतं, पण सांगणारा लगेच आरोपीच्या जागी जाऊन बसतो आणि उरलेलं गिळून टाकतो. वेळा नंतर जुळवता येतात. दुसरं अधिक अवघड आहे, कारण ते प्रेमातून येतं. ती ‘मी संध्याकाळीच सांगायला हवं होतं’ म्हणते न म्हणते तोच तो म्हणतो, ‘तुझी काहीच चूक नाही गं, असला विचारच करू नकोस.’ ह्या धीराने बोलणं तिथेच तुटतं. तिला जे सांगायचं होतं ते पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मिळालेली माफी तिच्या आत पोचत नाही. उलट, ‘ह्याला पूर्ण कळलं तर हा असं म्हणणार नाही’ अशी भीती राहते. म्हणून धीर द्यायचा तो शेवटी. आधी पूर्ण ऐकायचं.

दोघांचं सांगून झालं की एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारतो. डावीकडे ‘तेव्हा मला काय माहीत होतं’, उजवीकडे ‘आज मला काय माहीत आहे’. अपराधीपणाचं प्रत्येक वाक्य घेऊन ते कुठल्या बाजूला बसतं ते दोघांनी ठरवायचं. ‘हालचाल कमी होती म्हणजे धोका होता’ हे उजवीकडे जातं. ‘दुपारी हालचाल जरा मंद वाटली, आदल्या आठवड्यातही तसं वाटलं होतं आणि तेव्हा सगळं ठीक निघालं होतं’ हे डावीकडे. माणूस स्वतःला शिक्षा करतो ती उजवीकडच्या माहितीवर, निर्णय मात्र त्याने डावीकडच्या माहितीवर घेतलेला असतो. हे तोंडी पटवून देता येत नाही. कागदावर स्वतःच्या हाताने लिहिताना पटू लागतं.

एकाच बैठकीत सगळं उरकत नाही. नवऱ्याचा कागद पुष्कळदा अर्धं पान असतो, त्यात फक्त वेळा असतात: फोन आला, निघालो, पोचलो. त्याला दामटून रडवायचा प्रयत्न आम्ही करत नाही. पुढच्या वेळी विचारतो, ‘गाडी चालवताना कुठपर्यंत आलात तेव्हा भीती वाटली?’ ठिकाणाचं नाव सांगता सांगता तो पुढचं सांगतो. बाळाला हातात घेऊन स्मशानात नेलं ते त्याने तोवर बायकोला सांगितलेलंच नसतं. तिला ते ऐकायचंच असतं, आणि त्याला वाटत असतं की तिला सोसणार नाही.

बैठक झाली की त्या दिवशी घरी त्यावर चर्चा करायची नाही, असं सांगून पाठवतो. एकत्र जेवावं, लवकर झोपावं.

खरी चूक असते तेव्हा

सगळं अपराधीपण खोटं नसतं, हे मान्य करायला हवं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेल्या असतात. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं ती सांगत असताना ‘उद्या बघू’ म्हटलेलं असतं. अशा वेळी ‘तुझा काही दोष नाही’ हे खोटं ठरतं आणि दोघांनाही ते कळतं. इथे सांत्वन उपयोगी नाही, माफी मागावी लागते, आणि ती नीट मागावी लागते: काय केलं ते नेमकं, त्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते, आणि शेवटी ‘पण’ न जोडता. ‘मी उद्या बघू म्हणालो. तू घाबरली होतीस आणि मी ऐकलं नाही.’ माफी लगेच मिळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. ऐकणाऱ्याला ‘अजून जमत नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे. त्याच वेळी डॉक्टरांना हेही विचारावं की त्या रात्रीच नेलं असतं तर फरक पडला असता का. उत्तर कधी ‘सांगता येत नाही’ असं असतं, कधी ‘कदाचित’. तेही दोघांनी मिळून ऐकावं लागतं.

एकाच घरातली दोन दुःखं

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला एक विचार आम्हाला रोज उपयोगी पडतो. दुःखातलं माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतं: एका काठावर गेलेल्याची ओढ, रडणं, फोटो पाहणं, दुसऱ्या काठावर बँकेचं काम, ऑफिस, गळणारा नळ दुरुस्त करणं. दोन्ही गरजेचं आहे. जोडप्यात पंचाईत होते ती एकाच संध्याकाळी ती या काठावर आणि तो त्या काठावर असला की. ती झबली उराशी घेऊन बसलेली असते, तो क्रिकेटचा सामना लावतो. तिला वाटतं, ह्याला काहीच वाटत नाही. त्याला वाटतं, मी जरा श्वास घेतला की ही मला परत ओढते. आपल्याकडे त्यात एक भर पडते. सगळे पुरुष त्याला सांगून गेलेले असतात, ‘तू खंबीर राहा, तिला सांभाळ.’ तो ते प्रामाणिकपणे पाळतो, म्हणजे तिच्यासमोर कधी रडत नाही. रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो, गच्चीवर जाऊन रडतो, काही जण पिऊ लागतात.

यावर रोज संध्याकाळची वीस मिनिटं ठरवून देतो. त्या वेळात बाळाचं बोलायचं, बाळाच्या आठवणींची पेटी उघडायची, दोघांनी. त्याबाहेर ज्याला जे जमेल ते करायची मोकळीक, आणि त्यावरून टोमणा नाही. काही आठवड्यांनी ही वेळ बंधनासारखी वाटू लागते. मग आठवड्यातून दोनदा करतो. बाळाचं सामान कुणी परस्पर आवरू नये, हेही इथेच सांगतो. तिला त्रास नको म्हणून ती माहेरी असताना पाळणा, दुपटी, सगळं देऊन टाकलं जातं, आणि ते पुढे कित्येक वर्षं निघत राहतं.

शरीराची जवळीक

साधारण सहा आठवड्यांनी तपासणी झाली की डॉक्टर संबंध ठेवायला हरकत नाही म्हणतात. मनाचं वेळापत्रक तसं नसतं. पुष्कळ पुरुषांना जवळ येणं हाच आधार वाटतो; पुष्कळ बायकांना त्याच शरीराचा राग आलेला असतो, किंवा सुख वाटलं याचीच अपराधी टोचणी लागते. तो जवळ सरकला की ‘ह्याला एवढंच सुचतं’, ती बाजूला झाली की ‘हिने मला माफ केलेलं नाही’. दोन्ही अर्थ बहुधा चुकीचे असतात.

इथे आम्ही काही आठवड्यांसाठी संबंध बंदच ठेवायला सांगतो, दोघांच्या संमतीने आणि तारीख ठरवून. स्पर्श मात्र रोज: डोक्याला तेल लावणं, हात धरून पडणं, पाठ चोळणं. पुढे काही होणार नाही याची खात्री असली की ती पाठ फिरवून झोपणं थांबवते. मग हळूहळू पुढे. गर्भनिरोधनाचं आधीच बोलून घ्यावं. अंगावर पाजत नसलेल्या बाईला महिन्याभरातच पुन्हा दिवस राहू शकतात, पाळी यायच्या आधीसुद्धा.

घरचे आणि बाहेरचे

नियम एकच, पण काटेकोर: आपापल्या माणसांशी ज्याचं त्याने बोलायचं. सासू पायगुणाचं किंवा ग्रहणाचं काढते तेव्हा उत्तर मुलाने द्यायचं, सुनेने नाही. ‘आमच्या मुलीला वेळेवर नेलं नाही’ असं सासरे म्हणतात तेव्हा मुलीने बोलायचं. ‘आई, डॉक्टरांनी कारण सांगितलंय. तिच्यासमोर परत हे बोलायचं नाही.’ एवढं पुरतं. सासूचंही नातवंड गेलेलं असतं. तिच्या बोलण्यामागे तेही असतं, हे मुलाने विसरू नये.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या, असा सल्ला बहुतेक घरांत येतो. तीन दिवसांचा विधी, पती-पत्नीने मिळून करायचा. आम्ही हो किंवा नको म्हणत नाही. दोघांनाही मनापासून करायचा असेल तर तीन दिवस एकत्र, बाळासाठी काहीतरी हाताने करणं, यातून काही जोडप्यांना आधार मिळालेला आम्ही पाहिला आहे. पण पत्रिकेतला दोष एकट्या तिचा किंवा एकट्या त्याचा ठरवून तो करायला पाठवत असतील तर नको. तो दोष मग घरात राहायला येतो.

‘मुलं किती?’ या प्रश्नाचं उत्तर दोघांनी आधी ठरवून ठेवावं आणि एकसारखंच द्यावं. ती ‘एक होतं, राहिलं नाही’ म्हणाली आणि त्याच लग्नसमारंभात तो ‘अजून नाही’ म्हणाला, की गाडीत बसल्यावर भांडण ठरलेलं.

कधी थांबून डॉक्टरांकडे पाठवतो

नैराश्याचा अंदाज घेणारी एडिनबरा प्रश्नावली आम्ही पहिल्या भेटीतच दोघांना वेगवेगळी देतो. दहा प्रश्न, तीस गुण. तेरा किंवा जास्त आले, किंवा स्वतःला इजा करण्याविषयीच्या दहाव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. दहाव्या प्रश्नाचे गुण जास्त असतील तर त्याच दिवशी. बाळाचा रडण्याचा आवाज क्षणभर कानात येणं दुःखात होतं, त्याने घाबरू नये. पण बाई कित्येक रात्री झोपलेलीच नाही, बाळ जिवंत आहे आणि लपवून ठेवलंय असं ठामपणे म्हणते, तर ते तातडीचं आहे. तासाभरात दवाखाना गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. घरात मारहाण सुरू झाली असेल तर जोडप्याची एकत्र बैठक आम्ही थांबवतो. अशा बैठकीत ती खरं बोलली तर घरी गेल्यावर तिला भोगावं लागतं.

पुढच्या बाळाचा विचार

दोघांपैकी एकाला फार घाई असते. बऱ्याचदा त्यामागे भरपाईची भावना असते: मी हिरावलं, मीच परत देईन. आधी त्या भावनेवर बोलतो, मग तारखांवर. सीझर झालेलं असेल तर डॉक्टर साधारण दीड वर्ष थांबायला सांगतात. नैसर्गिक प्रसूती झाली असेल तर अंतर तिच्या तब्येतीवर आणि रिपोर्टवर ठरतं. दिवस राहिले की फाईलच्या पहिल्या पानावर मागच्या वेळचं मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं, म्हणजे दर वेळी नव्या सिस्टरला ‘पहिलंच का?’ याचं उत्तर द्यावं लागत नाही. हालचाल कमी वाटली तर कुठे, कुणाला फोन करायचा, रात्री गाडी कुठली, हे नवव्या महिन्याची वाट न पाहता लिहून भिंतीवर लावावं. आणि तिने ‘जरा मंद वाटतंय’ म्हटलं की त्याने कारण न विचारता चप्पल घालायची, हे दोघांमध्ये आधीच ठरलेलं असावं. दहादा उगीच जाणं झालं तरी चालेल.

नियमित भेटी संपवताना आम्ही तीन तारखा लिहून देतो: बाळ गेलं तो दिवस, बाळंतपणाची सांगितलेली तारीख, आणि पुढचं गरोदरपण राहिलं तर मागचं बाळ गेलं तो आठवडा. या तिन्ही वेळी जुनं सगळं पुन्हा वर येतं. चांगलं चाललेलं जोडपंही त्या आठवड्यात क्षुल्लक कारणावरून कडाडून भांडतं आणि का ते त्यांना कळत नाही. त्या आठवड्यांत आमच्याकडे त्यांच्या नावाने वेळ राखून ठेवलेली असते. यायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन केला तरी चालतो.